जांघेत अवधाण का येते?

आषाढ लागला की रत्नागिरी जिल्ह्यात भातलावणीची घाई उडते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखात माणसे दिवसचे दिवस चिखलात उभी असतात. शाळेतून आलेली मुलेही मदतीला उतरतात. अशात एखाद्याच्या पायाला जांभ्या दगडाची कपची लागते किंवा काटा मोडतो. दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ येते, पाऊल उचलवत नाही, अंगात कसकस भरते. घरातली वडील माणसे ओळखतात, ‘अवधाण आले!’ पण जखम पायाला, मग गाठ जांघेत का?

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज वाहिन्यांचे आणखी एक जाळे आहे. रक्तातील पातळ द्रव केशवाहिन्यांतून पाझरून पेशींभोवती जमतो. त्याचा काही भाग या दुसऱ्या जाळ्यातून पुन्हा रक्तात जातो. त्याला लसीका म्हणतात. तिच्यासाठी हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे आकुंचन आणि चालताना स्नायूंचा पडणारा दाब यांमुळे ती पुढे सरकते. ती उलटी फिरू नये म्हणून वाटेत झडपा असतात.

या वाटेवर पाचशेच्या आसपास लहान लहान ग्रंथी आहेत. मान, काख आणि जांघ येथे त्यांचे घोसच असतात. या ग्रंथी म्हणजे जणू तपासणीची नाकीच! जखमेतून शिरलेले जंतू लसीकेबरोबर येथे येऊन अडकतात. त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या झपाट्याने वाढते आणि ग्रंथी सुजते. म्हणजे अवधाण हा मूळ रोग नव्हे. ती लढाईची खूण आहे.

म्हणूनच गाठ कोठे आली यावरून शत्रू कोठून शिरला ते कळते. जांघेत गाठ आली तर पाय पाहावा, काखेत आली तर हात. जबड्याखाली किंवा मानेत आली तर किडका दात, सुजलेला घसा किंवा उवांमुळे खाजवून झालेल्या डोक्यातील जखमा शोधाव्यात.

काहींना दर पावसाळ्यात अवधाण येते. त्यांच्या पायांची बोटे फाकवून पाहा. बहुधा तेथे चिखल्या दिसतील! ओलसर, फाटलेली ती कातडी म्हणजे जंतूंना सताड उघडे दारच. ते बंद केल्याशिवाय गाठीचा त्रास थांबत नाही. शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, चिखल्यांवर डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. काटा मोडला तर तो काढून जखम स्वच्छ करावी आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावे. गाठ चोळणे, दाबणे, तिच्यावर बिब्बा घालणे किंवा डाग देणे मात्र कटाक्षाने टाळावे.

हत्तीरोगातही असेच घडते. डासांमार्फत येणारे सूक्ष्म कृमी लसीकावाहिन्यांत राहून त्यांची नासाडी करतात. पाय सुजतो आणि ताप, वेदना यांचे झटके पुन्हा पुन्हा येतात. महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांत हत्तीरोग निर्मूलनाचा कार्यक्रम राबवला गेला त्यांत शेजारचा सिंधुदुर्गही आहे. बिघडलेल्या वाहिन्या पूर्ववत होत नाहीत, पण पाय रोज धुऊन कोरडा ठेवला तर झटके पुष्कळ कमी होतात, असे दिसून आले आहे. साबण-पाण्याची ही केवढी ताकद!

मात्र प्रत्येक गाठ साधी नसते. १८९६ साली मुंबईत पसरलेल्या प्लेगला मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत, कारण त्यात जांघेत किंवा काखेत गाठ येई. मानेतील न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ क्षयाची असू शकते. तिलाच गंडमाळा म्हणतात. सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधे मोफत मिळतात आणि पूर्ण उपचाराने तो बरा होतो.

तेव्हा गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, वाढत किंवा टणक होत गेली, तिच्यात पू झाला, जोराचा ताप आला किंवा वजन घटू लागले, तर लपवू नका. जांघेतली गाठ सांगायला मुलांना लाज वाटते आणि त्यातच दिवस वाया जातात. आईवडिलांना किंवा गुरुजींना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.