घोडनदीकाठचा कातळ आणि त्यातले पाणी

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्हावरे हे गाव लागते. सह्याद्रीवर आदळून रिते झालेले ढग येथवर पोहोचतात तेव्हा त्यांच्यापाशी द्यावयास फारसे उरलेले नसते. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. असे असूनही ह्याच न्हावऱ्याच्या शिवारात घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि भोवताली उसाचे मळे डोलू लागले. मोटारीतून जाणाऱ्या शहरवासीयास ह्यात काही विसंगत वाटत नाही. हिरवे रान पाहून त्याचे मन निवते, एवढेच. परंतु ह्या भूमीच्या पोटात काय आहे ह्याची ज्याला थोडी कल्पना आहे, त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. हे पाणी येते कोठून आणि ते आहे तरी किती? आज आम्ही ह्याच प्रश्नाचा, होईल तितक्या सोप्या भाषेत, विचार करणार आहोत.

जमिनीखाली नद्या वाहतात, त्यांच्या शिरा असतात आणि नेमकी शीर सापडली की पाणी कधी आटत नाही, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. ह्याच समजावर पाणाड्याचा धंदा चालतो. पाणाड्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. तो हातातल्या फांदीचे निमित्त करतो खरा. पण कोठली झाडे उन्हाळ्यात हिरवी राहतात, उतार कोणीकडे आहे, शेजारची विहीर किती हातांवर लागली, ह्यावरही त्याची नजर असते. यश येते ते त्या नजरेला, फांदीला नव्हे. मात्र शिरांची कल्पना आपल्या मुलखापुरती तरी सोडून दिली पाहिजे.

आपला सारा मुलूख ज्वालामुखीच्या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. एकेक थर थंड होताना काय घडले ते पाहिले म्हणजे विहिरीचे सारे रहस्य उलगडते. शिलारसात वायू कोंडलेले होते. ते वर येऊ लागले आणि थराच्या माथ्याशी, ऊतू जाणाऱ्या दुधावर फेस यावा तसे, बुडबुड्यांचे जाळे तयार झाले. पुढे ह्या पोकळ्यांत पाण्यातून आलेली पांढरी, हिरवट खनिजे साकळली. शेतकरी ज्याला मांजऱ्या म्हणतो तो हा दगड. (ह्याच पोकळ्यांतून पुणे-नगर रस्त्यावरील वाघोलीच्या खाणींत निळाभोर कॅव्हन्साइट निघाला आणि जगभरच्या स्फटिक जमविणाऱ्यांना वाघोलीचे नाव ठाऊक झाले. पुण्यात मात्र ते फारच थोड्यांना माहीत आहे!) थराचा मधला भाग सावकाश निवला, तो घट्ट काळा पाषाण झाला आणि आकसताना त्याला उभ्या भेगा पडल्या. दोन थरांमध्ये पुष्कळ ठिकाणी गेरूसारखा तांबडा पट्टा आढळतो. विहीर खणताना तो लागला की मजूर लगेच ओळखतात.

आता पाणी ह्या रचनेत राहते कोठे? घट्ट पाषाणात ते शिरूच शकत नाही. मांजऱ्यातली छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे तीही जशीच्या तशी उपयोगाची नाहीत. खडक कुजून त्याचा मुरूम झाला असेल तेथे, आणि भेगा एकमेकींना मिळाल्या असतील तेथेच पाणी साठते. वाळूचे घमेले पाण्याने भरून पाहिले तर त्यातून पंधरा-वीस टक्के पाणी सहज निथळते. आपल्या कुजलेल्या कातळातून एक ते तीन टक्के निघते. म्हणजे शंभर घमेली खडकामागे दोन घमेली पाणी! नदीकाठच्या गाळात ह्याहून बरी स्थिती असते, परंतु घोडनदीच्या काठचा तो पट्टा चिंचोळा आहे.

येथे थोडे गणित करावे लागेल. पाचशे मिलिमीटर पावसापैकी बराचसा वाहून जातो, बराचसा उन्हाने आणि झाडाझुडपांतून परत हवेत जातो. खडकात मुरतो तो ढोबळ मानाने एक दशांश, म्हणजे पन्नास मिलिमीटर. खडकाची साठवण दोन टक्के धरली तर ह्या पन्नास मिलिमीटरांनी विहिरीची पातळी अडीच मीटर, आठेक फूट, वर येते. पाऊस झाला की विहीर भरभरून आली असे आपण म्हणतो. ती भरभर येते ह्याचे कारण पाणी फार आहे हे नसून भांडे लहान आहे, हे होय. आणि जे भांडे लवकर भरते ते लवकर रितेही होते.

आता उसाकडे वळू. बारा महिन्यांच्या उसाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागते. पडेल तो सारा पाऊस पिकाच्या कामी आला असे उदारपणे धरले, तरी दीड हजार मिलिमीटर वरून द्यावेच लागते. एका एकरात पन्नास मिलिमीटर मुरत असेल तर एक एकर ऊस तीस एकरांचे मुरलेले पाणी पितो. ठिबक सिंचनाने ही मागणी निम्म्यावर आणली असे मानले तरी पंधरा एकर उरतातच. उरलेल्या एकरांचे मालक कोण आणि त्यांना कोणी विचारले होते काय, हे ह्या गणितात कोठेच येत नाही.

कोणी म्हणेल, विहीर आटली तर विंधन विहीर आहेच. दोनशे फुटांवर नाही तर पाचशे फुटांवर पाणी लागेल. खाली कोठेतरी अथांग साठा आहे ही ती जुनीच पाताळगंगेची कल्पना. ह्या कल्पनेची परीक्षा भूकंपाच्या संशोधनाने अनायासे करून दिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे खोल छिद्र घेण्यात आले. तेव्हा काळा कातळ ३३८ मीटरांवर संपला आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा पुरातन खडक लागला. कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला होता. धरणाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तेथील दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक सरकण्यास निमित्त मिळते, असे शास्त्रज्ञ मानतात. ह्याचा शोध घेण्यासाठी तेथे तीन किलोमीटर खोलीपर्यंत छिद्र पाडले गेले. वर कातळाचे थर आणि खाली तोच पुरातन खडक, असेच तेथेही दिसले. भेगांत थोडे पाणी असते. समुद्र कोठेच नाही. खोल विंधन विहिरीला जे पाणी लागते ते बहुधा वरच्या थरातूनच, वर्षानुवर्षे झिरपून आलेले असते. पुष्कळदा ते शेजाऱ्याच्या विहिरीतलेच असते.

ह्या पाण्याचा हिशेब न्हावरे परिसरातील माणसांना नवा नाही. न्हावऱ्यापासून फार दूर नसलेले, घोडनदीच्या उजव्या काठावरचे इनामगाव आपणांपैकी अनेकांनी नावाने ऐकले असेल. १९६८ ते १९८३ ह्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि अन्सारी ह्यांनी तेथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० पर्यंत नांदलेले एक शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. शंभरांहून अधिक घरे, धान्याची कोठारे, गावप्रमुखाचे असावे असे पाच खोल्यांचे घर, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी खणलेला पाट व त्याला लागून घातलेला बांध! तीन हजार वर्षांपूर्वी ह्या माणसांनी ओळखले होते की येथे नुसत्या पावसाच्या भरवशावर राहता येत नाही. ते जव पिकवीत. गहूही होता, पण तो बेताचाच.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास मात्र गावाचे रूप पालटले. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान, गोल झोपड्या आल्या. गुराढोरांच्या मानाने शेळ्यामेंढ्यांची आणि शिकार केलेल्या हरणांची हाडे वाढली. ह्यावरून ढवळीकरांनी निष्कर्ष काढला की हवामान कोरडे होत गेले, शेती हटली आणि लोक पशुपालनाकडे व शिकारीकडे वळून शेवटी गाव सोडून गेले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग ह्या अमेरिकन विदुषींनी तेथील बालकांच्या सांगाड्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि साऱ्याचे खापर अवर्षणावर फोडता येईल काय, अशी शंका घेतली. हा वाद अभ्यासकांनी चालवावा. आम्हांला एवढे दिसते की बालकांच्या हाडांवर उपासमारीच्या खुणा आहेत, आणि पाट व बांध असूनही त्या टळल्या नाहीत.

आजचे पाट कितीतरी मोठे आहेत. चिंचणीजवळ घोड धरण झाले, भीमेवरच्या चासकमान धरणाचे कालवे शिरूर तालुक्यात आले. कालव्याचे पाणी झिरपून काठच्या विहिरींना आधार मिळतो हे खरेच आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. पण कालव्यापासून दूर असलेल्या शेतकऱ्याने तेच पीक धरले की वरचे तीस एकरांचे गणित लागू होते.

पाण्यामागोमाग रानही बदलले. हा माळ मुळात गवताचा. काळवीट, चिंकारा, लांडगा ह्यांचा. चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य राखले आहे, त्यावरून मूळ स्वरूपाची कल्पना यावी. उसाच्या दाट फडांनी बिबट्याला आडोसा दिला आणि गावच्या कुत्र्याशेळ्यांनी अन्न. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ ह्या काळात बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा उपाय झाला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारांवरून सतरांवर गेल्याचे आढळले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर अधिक बिथरते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्याच्या उत्तर भागात लहान मुलेही बळी पडली. तेथील माणसाला संयमाचा उपदेश शहरात बसून करणे सोपे आहे; आम्ही तो करणार नाही. मात्र पिंजऱ्यांची संख्या मोजताना फडांचे क्षेत्रही मोजले जावे, असे आमचे मत आहे.

मोजण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या साली राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा स्थापन झाली, आणि निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदली जाऊ लागली. २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरांहून खोल विहीर घेण्यावर बंधन घातले. परंतु रात्री यंत्र लावून सकाळी निघून जाणाऱ्या विंधनवाल्याला कायदा कितपत आवरतो, हे सांगावयास नको.

गावांनी आपणहून केलेली व्यवस्था अधिक टिकते असे दिसते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्या अभियंत्याने पाणीपंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य, असे तिचे नियम. नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरमधील) हिवरे बाजार गावात दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला हे मोजावयाचे, आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढावयाचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवावयाचे. पाऊस कमी पडला त्या वर्षी तेथे जास्त पाण्याची पिके घेत नाहीत. शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास गावाने आधीच मनाई केलेली आहे.