३० हजारांत लॅपटॉप की मिनी पीसी? आधी टेबल बघा, मग लाईट बघा

बेळगाव : कॉलेज सुरू व्हायच्या तोंडावर कॉम्प्युटरच्या दुकानांत पालकांची गर्दी वाढते. परवा ओळखीचे एक किराणा दुकानदार भेटले. मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, दुकानाचा हिशेब टॅलीवर, आणि जवळ रक्कम ३० हजार. "लॅपटॉप घेऊ की ते डब्यासारखं नवीन निघालंय ते घेऊ? सांगा की ओ," म्हणाले. हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मिनी पीसी म्हणजे काय?

टिफिनच्या डब्याएवढा हा पूर्ण कॉम्प्युटर. प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं आत. मात्र स्क्रीन, कीबोर्ड, माऊस, कॅमेरा आणि बॅटरी यातलं काहीच त्यासोबत येत नाही. लॅपटॉपमध्ये हे सगळं एकत्र मिळतं. दराची तुलना करताना नेमकी इथेच फसगत होते.

बेरीज कागदावर करा

उदाहरणादाखल आकडे धरू. मिनी पीसी १७,०००, मॉनिटर ७,०००, कीबोर्ड-माऊस १,०००, छोटा यूपीएस ३,००० आणि ऑनलाईन क्लाससाठी वेबकॅम १,५००. एकूण झाले २९,५००. म्हणजे स्वस्त वाटलेला डबा लॅपटॉपच्या दराला येऊन टेकला. पण घरात जुना मॉनिटर किंवा एचडीएमआयचा टीव्ही असेल आणि वेबकॅमची गरज नसेल, तर तेच काम २१,००० मध्ये होतं. तुमच्या दुकानात मिळालेले दर घालून हीच बेरीज करा.

आणखी एक. काही मिनी पीसी 'बेअरबोन' म्हणून विकतात. त्यात रॅम, एसएसडी आणि विंडोज नसतं. दर कमी दिसला की हे आधी विचारा.

लाईट गेली तर?

पावसाळ्यात आपल्याकडे, विशेषतः खानापूरसारख्या भागात, लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. मिनी पीसी त्याच क्षणी बंद पडतो. टॅलीत नोंदी चालू असताना असं झालं तर डेटा खराब होण्याची भीती असते. म्हणून मिनी पीसीसोबत यूपीएस धरायलाच हवा. घरी इन्व्हर्टर असेल तर तो 'यूपीएस मोड'वर आहे का बघा. साध्या मोडवर इन्व्हर्टरला लाईट बदलायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. आणि काहीही घेतलं तरी रोजचा बॅकअप पेन ड्राईव्हवर घ्या.

वीज बिलाची मात्र काळजी नको. कमी विजेवर चालणारा मिनी पीसी आणि मॉनिटर मिळून ४० वॉट धरले, तर रोज ८ तासांप्रमाणे २५ दिवसांत ८ युनिट होतात.

काय बघून घ्यायचं?

टॅली, एक्सेल, ऑनलाईन क्लास एवढ्या कामाला इंटेलचा एन१०० प्रोसेसर पुरतो. रॅम ८ जीबी आणि एसएसडी २५६ जीबी, त्याखाली उतरू नका. रॅम पुढे वाढवता येते का विचारा. स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ती बोर्डवरच पक्की बसवलेली असते.

कंपन्यांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे जुने मिनी पीसीही बाजारात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्या. त्याआधीच्या इंटेल मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

दुरुस्तीचा विचार केला तर मिनी पीसीत स्क्रीन किंवा कीबोर्ड बिघडला तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपची स्क्रीन फुटली तर खर्च मोठा. शे-दीडशे रुपये वाचवायला कोल्हापूरहून आणणार असाल तर वॉरंटीसाठी फेरी मारावी लागेल का, हे आधी विचारा.

धंद्यासाठी घेताना

रेग्युलर जीएसटी भरत असाल तर बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर घालून घ्या. लॅपटॉप काय, मिनी पीसी काय, १८ टक्के कराचं क्रेडिट मिळण्याचा मार्ग राहतो. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही. इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा आहे, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. मशीन घरातही वापरणार असाल तर क्रेडिट आणि घसारा किती धरायचा, हे अकाउंटंटला विचारा.

शेवटी काय?

कॉम्प्युटर टेबलावरून हलणार आहे का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा. मुलगा-मुलगी रोज बसने कॉलेजला जाणार, उद्या पुण्याला होस्टेलवर जाणार, तर लॅपटॉपच. दुकानाच्या गल्ल्याशेजारी किंवा घरी एका कोपऱ्यात कायम राहणार असेल तर मिनी पीसी आणि यूपीएस.

त्या दुकानदारांचं काय झालं? मुलीला कॉलेजमध्ये मशीन न्यावं लागत नाही आणि घरी जुना मॉनिटर पडून होता. त्यांनी मिनी पीसी घेतला. उरलेल्या पैशातून मुलीचा वर्षाचा बस पास काढणार आहेत.