घाटात खरी कोण, फियाट की मारुती?

जुन्या गाडीच्या शोधातलं गिऱ्हाईक जव्हारला माझ्या गॅरेजात आलं की प्रश्न ठरलेला: "फियाट बघू की मारुती ८००?" मी उलट विचारतो, "बसणार किती जण?" सगळं तिथंच ठरतं.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, १०८९ सीसीची, ४० अश्वशक्तीची. १९८३ साली आलेल्या मारुतीचं इंजिन ७९६ सीसी, ताकद चाळिशीच्या जरा आतच. तरी चढाला मारुती पुढे, कारण वजन. फियाट नऊशे किलोच्या घरात, मारुती साडेसहाशेच्या. दोघंच असाल तर मारुती हसत चढते, फियाटला खालचा गियर टाकावा लागतो.

आता पाच माणसं बसवा, डिकीत तांदळाचं पोतं टाका. तेवढंच ओझं हलक्या गाडीला जास्त जड जातं. शिवाय मारुतीला पुढची चाकं ओढतात. चढावर भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात. मोखाड्याहून त्र्यंबककडे जाताना तोरंगण घाटात पावसानं माती रस्त्यावर आली, की ती जागच्या जागी फिरतात. फियाटला मागची चाकं ढकलतात. मागे ओझं जितकं, तितकी पकड पक्की. चाकंही १४ इंची, मारुतीची १२, म्हणून फियाट खड्ड्यात कमी आपटते. रिकामी फियाट मात्र ओल्या वळणावर मागून घसरते. तिथं मारुती बरी, हँडल वळवाल तिकडे जाते.

फियाटचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. घाटात इंजिन सावकाश फिरलं की पंखाही मंदावतो आणि काटा वर चढतो. पाण्याचा कॅन हवाच. मारुतीचा पंखा विजेवर, त्याला ही अडचण नाही. उतरताना फियाटच्या चारही चाकांचे ड्रम सतत पाय ठेवल्यानं तापतात, मग ब्रेक लागेनासे होतात. मारुतीला पुढे डिस्क आहेत. तरी नियम दोघींना एकच: ज्या गियरात चढलात त्याच गियरात उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका.

म्हणून माझा सल्ला: नोकरीसाठी रोज जा-ये करणाऱ्या जोडप्यानं मारुती घ्यावी, सगळं घर घेऊन फिरणाऱ्यानं फियाट. आणि विकणाऱ्यानं बाजारपेठेतून रिकामी गाडी फिरवून दाखवली तर व्यवहार करू नका. घरची माणसं बसवा, घाट चढवा, मगच पैशाचं बोला.