चाकणची नोकरी, बारा किलोमीटर आणि घरची चारचाकी



गळिताचे दिवस होते. काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागली होती. खेड-राजगुरुनगरकडचे एक जुने सभासद जवळ आले आणि म्हणाले, "पोरगं चाकणला कंपनीत लागलंय. आता म्हणतंय, आप्पा, चारचाकी घेऊ. उसाचं बिल जमा झालं की घेऊन टाकतो. कुठली घेऊ तेवढं सांगा. ॲव्हरेज मात्र चांगलं पाहिजे बघा."

हा प्रश्न एकट्या आप्पांचा नाही. चाकण म्हटले की पूर्वी संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार डोळ्यांपुढे यायचा. आज तिथे बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने आहेत. चाकणात गाड्या बनतात. पण त्या बनवायला जाणारे आपले पोर मोटारसायकलवर, कंटेनरच्या रांगेतून, पावसात रात्रपाळी करून घरी येते. ते दारात येईपर्यंत आई जागी असते. तेव्हा चारचाकी ही निव्वळ हौस म्हणता येणार नाही. पण निवड चुकली तर सोय बाजूला राहते आणि घर हप्त्यात अडकते.

आम्ही काटा-पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. घर ते कंपनी बारा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चोवीस. वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले तर ७,२०० किलोमीटर झाले. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. लिटरला २० किलोमीटर देणाऱ्या गाडीला वर्षाला ३६० लिटर लागेल, खर्च ३७,८०० रुपये. २४ किलोमीटर देणारीला ३०० लिटर, खर्च ३१,५००. फरक पडला ६,३०० रुपयांचा. आता त्या चार किलोमीटरपायी गाडीला पन्नास हजार जादा मोजले, तर ते वसूल व्हायला आठ वर्षे जातील!

आप्पा म्हणाले, "मग सीएनजी घेतो."

तेही मांडून पाहिले. किलोला २५ किलोमीटर आणि भाव ९० रुपये धरला तर वर्षाचा खर्च २५,९२० रुपये येतो. २० किलोमीटरच्या पेट्रोल गाडीपेक्षा ११,८८० रुपये वाचले. पण सीएनजीची गाडी साधारण नव्वद हजाराने महाग पडते, म्हणजे वसुलीला साडेसात वर्षे. वर पंपावरची रांग, आणि टाकीमुळे डिकीतली जागाही जाते. ज्याला रोज साठ किलोमीटर पळायचे आहे, त्याचे तेच पैसे तीन वर्षांत फिटतात. त्याने सीएनजी जरूर घ्यावी. अंतर थोडे असेल तर ॲव्हरेजपेक्षा गाडीची किंमत जास्त महत्त्वाची, हे पक्के ध्यानात ठेवावे.

डिझेलचा विचार तर थोड्या अंतरासाठी करूच नये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्या गाड्यांत काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी सलग पळून सायलेन्सर चांगला तापावा लागतो. बारा किलोमीटरच्या फेऱ्यांत, तेही चौकाचौकात थांबत, ती तापत नाही आणि तुंबते. मग खर्च काढा.

विजेच्या गाडीला रोजचे चोवीस किलोमीटर किरकोळ आहेत. रात्री घरीच चार्जिंग होते. मात्र गाडीची किंमत जास्त असते, म्हणून तिचाही हिशेब वरच्यासारखाच मांडावा.

कंपनीने छापलेले ॲव्हरेज चाचणीतले असते. तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते, तेव्हा ते मिळत नाही. शिवाय थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते, आणि थोड्या अंतरात ते नीट गरम होईपर्यंत गेट येते. खरे ॲव्हरेज पाहायचे तर टाकी फुल करावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, पुन्हा फुल करावी आणि भागाकार करावा.

आता आपल्या उसाशी निगडित गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने आपल्या कारखानदारीला आधार मिळाला, हे खरेच. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते, हेही खरे. जुनी गाडी घेताना ती या इंधनाला चालते का, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे.

जुनी गाडी घ्यायला कमीपणा मानू नये. मात्र २०२२ पासून बनलेल्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची आहे, तेव्हा जमल्यास त्यानंतरचीच बघावी. पोराच्या जिवासाठी गाडी घ्यायची आणि त्यातच काटकसर करायची, हे बरे नव्हे. नवीच घ्यायची तर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

शेवटचा मुद्दा कर्जाचा. पाच लाख रुपये, दहा टक्के व्याज, पाच वर्षे मुदत: महिन्याचा हप्ता सुमारे १०,६०० रुपये. एकूण व्याज जवळपास एक लाख सदतीस हजार. टनाला तीन हजार रुपये हाती आले असे धरले, तर नुसत्या व्याजापायी पंचेचाळीस टनांहून अधिक ऊस गेला. एकरी चाळीस टन उतारा धरला तर एकरभराहून जास्त! आणि उसाचे बिल येते हंगामात, हप्ता येतो दर महिन्याला. म्हणून हप्ता पोराच्या पगारातून फिटला पाहिजे, उसाच्या बिलावर तो लावू नये. कंपनीची बस दारावरून जात असेल, तर दोन वर्षे थांबून रोख पैसे साठवणे हेही शहाणपणच.

आप्पांनी पावती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. म्हणाले, "मंजे मोठी नको, महागाची नको, अन् डिझेल तर नकोच. बिलातनं आधी सोसायटीचं फेडतो. पोराला सांगतो, तुझ्या पगारात बसंल तीच बघ."

सभासद बंधूंनीही शोरूमची पायरी चढण्यापूर्वी हा हिशेब घरी, मुलाला आणि सूनबाईंना सोबत बसवून मांडावा, ही विनंती.