कानाच्या मापाचें यंत्र

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरांत वडील माणसांच्या कानांचा प्रश्न केव्हांतरी उपस्थित होतोच. प्रथम टेलिफोनवरचें बोलणें नीट कळेनासें होतें, मग जेवणाच्या पंगतींतलें. आणि अखेर आजोबा किंवा आजी संभाषणांतून हळूहळू बाजूला पडतात. घरच्या मंडळींसहि तें सोयीचें वाटूं लागतें, हें दुर्दैव. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानें २०२० सालच्या अहवालांत मध्यम वयांतील बहिरेपणाची गणना स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, परंतु ज्यांवर उपाय करतां येईल अशा कारणांत केली आहे.

श्रवणयंत्र विकत आणलें जातें, पण पुष्कळदां चार दिवसांनीं तें कपाटाच्या खणांत जाऊन पडतें. विचारल्यास उत्तर ठरलेलें: "शिटी वाजते," नाहींतर "टोंचतें." या तक्रारी म्हातारपणाचा हट्ट समजून सोडून देण्यासारख्या नाहींत, त्यांचें मूळ यंत्रशास्त्रांत आहे. यंत्रांतील मायक्रोफोन आवाज टिपतो, वर्धक तो मोठा करितो आणि टोंकाशीं असलेला बारीकसा कर्णा तो कानांत सोडतो. यंत्राचें कवच व कानाची भिंत यांत फट राहिली, तर हा मोठा झालेला आवाज बाहेर निसटून पुन्हां मायक्रोफोनकडे जातो, पुन्हां वाढतो, आणि या फेऱ्यांतून शिटी जन्मास येते. सभेंत कर्णा एकाएकीं किंचाळतो त्याचेंहि कारण हेंच. बरें, फट नको म्हणून कवच गच्च बसवावें, तर कान दुखतो आणि स्वतःचाच आवाज घागरींतून आल्यासारखा घुमतो. म्हणून कवचांत एक बारीक वायुमार्ग मुद्दाम ठेवावा लागतो. त्यांत कर्णनलिका वांकडी. जबडा हलला कीं तिचा आकार बदलतो. आणि एकाच माणसाचे दोन कानहि अगदीं सारखे नसतात. कानामागें लावावयाचीं, तयार मऊ टोपीचीं यंत्रेंहि मिळतात व तीं अनेकांस पुरतात. परंतु कानांतच बसणारें यंत्र मापाचेंच हवें.

पूर्वीं हें कवच हातानें घडवीत. कानांत मऊ लगदा भरून ठसा घ्यावयाचा, तो कारागिरानें तासून मेणांत बुडवावयाचा, त्यावरून सांचा करावयाचा व त्यांत ॲक्रिलिक ओतावयाचें. कारागीर कुशल असला तर वस्तु उत्तम होई. पण प्रत्येक पायरीस थोडें माप हरवे, आणि कवच गहाळ झालें कीं सारा खटाटोप पहिल्यापासून! चालू शतकाच्या आरंभापासून हा धंदा झपाट्यानें पालटला. आतां बहुधा ठसा तसाच घेतात, परंतु पुढें प्रकाशकिरणांनीं त्याचें माप टिपून संगणकांत आकृति तयार होते. तंत्रज्ञ पडद्यावरच वायुमार्ग आखतो, आंतील भाग कोठें बसतील तें ठरवितो, आणि ती आकृति त्रिमितीय मुद्रणाच्या यंत्राकडे जाते. लोक यालाच थ्री-डी प्रिंटिंग म्हणतात.

सुतार किंवा शिल्पी नको तो भाग काढून टाकून वस्तु घडवितो. येथें हवा तेवढाच पदार्थ थरावर थर चढवीत जावयाचें. सोऱ्यांतून चकली पाडतांना एका वेढ्यावर दुसरा वेढा रचीत गेल्यास जशी नळी उभी राहील, तसाच हा प्रकार. मात्र कवचासाठीं बहुधा द्रवरूप राळ घेतात. ती प्रकाश पडला कीं घट्ट होते. कागदाएवढा किंवा त्याहून पातळ असा एक थर गोठला कीं त्याला चिकटून दुसरा. जपानांत हिदेओ कोदामा यांनीं १९८१ सालीं ही युक्ति प्रसिद्ध केली. अमेरिकेंत चार्ल्स हल यांनीं १९८३ सालीं डोळे धुण्याची एक लहानशी वाटी या रीतीनें बनविली, आणि १९८६ सालीं त्यांस पेटंट मिळालें.

आतां सारेच कारखाने असे चालतील, अशी जी भाकितें ऐकूं येतात त्यांवर आमचा विश्वास नाहीं. न्हाणीघरांतील प्लॅस्टिकची बादली पोलादी सांच्यांतून पाहतां पाहतां निघते. सांचा फार महाग खरा, पण त्याचा खर्च लाखों बादल्यांवर वांटला जातो. ती थरांनीं छापीत बसणें हा शुद्ध वेडेपणा होय. परंतु ज्या वस्तूची दुसरी प्रत जगांत कोणासच नको, तिच्यासाठीं पोलादी सांचा कोण करणार? आजोबांचा उजवा कान ही अशीच वस्तु. मुद्रणयंत्रास सगळीं कवचें सारखीं काय नि निरनिराळीं काय, श्रम तेवढेच.

मौज अशी, कीं त्याच कवचाच्या पोटांत अगदीं उलट न्यायानें बनलेली वस्तु असते. इलेक्ट्रॉनिक चिप सिलिकॉनच्या तबकडीवर तयार होते. तिच्यावरहि प्रकाशानेंच नक्षी उमटवितात, पण एका तबकडीवर शेंकडों चिपा, आणि साऱ्या एकमेकींच्या हुबेहूब प्रती! ही चिप दर सेकंदास हजारों वेळां आवाजाचें माप घेऊन त्याचे आंकडे करिते, आणि कोणते स्वर किती चढवावयाचे हें श्रवणपरीक्षेच्या आलेखावरून तिला सांगितलेलें असतें. चिप सर्वांची एक, सूचना ज्याच्या त्याच्या.

घरांतील एखादा विद्यार्थी लहानसें मुद्रणयंत्र मागत असेल, तर तें अवश्य घेऊन द्यावें. मात्र त्यावर आजीसाठीं कवच किंवा कुकरची मूठ करूं देऊं नये. लांकूड जसें रेषेवर चिरतें, तशा या वस्तु थराच्या सांध्यावर उकलतात. नवशिक्याच्या हातीं सहसा असणारें पीएलए प्लॅस्टिक तर ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडतें. कच्ची राळ त्वचेस बाधते. ती धुऊन, पुन्हां प्रकाशांत पक्की केल्यावांचून कानास लावणें धोक्याचें.

ठसा देण्यापूर्वीं कानांतील मळ तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा, आणि संगणकांतील आकृति जपून ठेवतात कीं नाहीं हें विचारावें; ती असल्यास हरवलेलें कवच पुन्हां छापतां येतें. नव्या यंत्रानें जेवतांना शिटी वाजली तर तें तसेंच सोसूं नये, कवच परत दुरुस्तीस द्यावें. कित्येक यंत्रांत जस्त व हवा यांवर चालणारा बटणासारखा सेल असतो. त्यावरचा कागद काढला कीं हवा आंत शिरते व तो चालू होतो. म्हणून कागद आधीं काढून ठेवूं नये. जुने सेल रांगत्या मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. एखाद्यानें गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहतां त्यास रुग्णालयांत न्यावें.