सिद्धता-संक्षेपण, संगणकीय

एखाद्या गणितीय प्रमेयाची सिद्धता ज्ञात असताना, तीच गृहीतके व तेच अनुमाननियम कायम ठेवून, तीहून कमी पायऱ्यांची सिद्धता संगणकाकरवी शोधण्याची पद्धती. पायरी म्हणजे नियमाच्या एका उपयोगाने मिळालेले नवे सूत्र. छापील ओळींची बचत येथे अभिप्रेत नाही.

डाव्हिट हिल्बर्ट यांनी १९०० सालच्या पॅरिस परिषदेच्या निमित्ताने मांडलेल्या २३ प्रश्नांत न घातलेला एक चोविसावा प्रश्न त्यांच्या टिपणवहीत आढळला आहे. सिद्धतेच्या साधेपणाचे निकष कोणते, असा तो आहे. साधेपणा व आखूडपणा एकच नव्हेत. पण आखूडपणा मोजता येतो.

या शोधाला विधानकलन हे क्षेत्र विशेष मानवले. आयरिश तर्कशास्त्रज्ञ सी. ए. मेरेडिथ (१९०४–७६) यांनी १९५३ मध्ये द्विमूल्य विधानकलनासाठी अवघ्या २१ चिन्हांचे एकच गृहीतक दिले. लहान सिद्धता हाताने रचण्यातही ते निष्णात होते. अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत लॅरी वॉस (१९३०–२०२०) यांनी विल्यम मॅकून यांच्या ‘ऑटर’ या आज्ञावलीच्या साहाय्याने अशा सिद्धता आणखी आखूड करण्याचे काम दीर्घकाळ केले.

यातील खरी अडचण प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. प्रत्येक उपप्रमेयाची लघुतम सिद्धता घेतल्याने संपूर्ण सिद्धता लघुतम होतेच असे नाही. समजा, एक उपप्रमेय दोन पायऱ्यांत मिळते व दुसऱ्या मार्गाने तीन पायऱ्यांत. परंतु दुसऱ्या मार्गातील पहिल्या दोन पायऱ्या सिद्धतेत अन्यत्र लागणारच आहेत. मग त्या मार्गाचा वाढीव खर्च एकाच पायरीचा होतो, आणि ‘लांब’ मार्गच स्वस्त ठरतो. संगणकाला मात्र सूत्राकडे नेणारा आखूड मार्ग सापडला की तो लांब मार्ग टाकून देण्याकडे त्याचा कल असतो. यासाठी वॉस ज्ञात सिद्धतेतील एकेक सूत्र पाळीपाळीने निषिद्ध करीत व त्यावाचून सिद्धता पुरी होते का ते पाहत. जुन्या सिद्धतेतील उरलेल्या सूत्रांशी रूपसाम्य असलेल्या सूत्रांना शोधात अग्रक्रम दिला जाई. लांबलचक सूत्रे वर्ज्य करणे हाही एक उपाय होता, जरी त्यात उपयुक्त सूत्र हातचे जाण्याचा धोका असे.

आखूड सिद्धता सापडली की ती पायरीपायरीने पडताळणे सोपे असते. तीहून आखूड सिद्धता नाहीच, हे दाखविणे मात्र वेगळे. त्याचा सरळ मार्ग म्हणजे कमी पायऱ्यांच्या सर्व शक्य रचना तपासणे. पण पायऱ्यांबरोबर त्यांची संख्या इतक्या झपाट्याने वाढते, की हा मार्ग लहान सिद्धतांपुरताच आटोक्यात राहतो.