फलाटावरची तापलेली सावली

मे महिन्यातली दुपार. साठीच्या एका हमालाला त्यांच्या मुलाने आणि दोन सहकाऱ्यांनी रिक्षात घालून आमच्या अपघात विभागात आणले. अंग भट्टीसारखे तापलेले, बोलणे असंबद्ध, ताप १०६ अंश फॅरनहाइट. निदान अवघड नव्हते. उष्माघात. मुलगा मात्र ते मानायला तयार नव्हता. ‘‘ऊन कसं लागेल डॉक्टर? बाबा उन्हात गेलेच नाहीत. सकाळपासून फलाटावरच होते, सावलीत.’’

ओल्या चादरी, बर्फ, पंखे, सलाइन अशी धावपळ झाली. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला. मुलाचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. सावलीत बसलेल्या माणसाला ऊन लागते का? लागते. सावली कोणत्या छपराची आहे, यावर ते अवलंबून असते. रेल्वे स्थानकांच्या छपरांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की छपराखालच्या हवेची चिंता इंजिनीअरांनी दीडशे वर्षांपूर्वीच केली होती. फक्त त्यांच्यापुढचा शत्रू वेगळा होता.

तव्याखालचा हात

आधी उन्हाचे गणित पाहू. भाकरी भाजून झाल्यावर गरम तवा चिमट्याने उचला आणि त्याच्या खाली वीतभर अंतरावर तळहात धरा. गरम हवा तर वर जाते आणि तव्याला आपण शिवलेलोही नाही. तरी तळहाताला धग लागते. तापलेली वस्तू चारही दिशांना उष्णता फेकत असते, तिला मधल्या हवेची गरज नसते. विज्ञानात याला उष्णतेचे प्रारण म्हणतात. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते ती याच वाटेने.

मे महिन्याच्या उन्हात जुना, गंजलेला लोखंडी पत्रा सहज ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्याच्या खाली बसलेल्या माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश. म्हणजे डोक्यावर एक लांबलचक तवा टांगलेला आणि माणूस त्याच्या खाली. पत्र्याने सूर्य अडवला हे खरे, पण तो स्वतःच एक छोटा सूर्य झाला. पत्रा जितका ठेंगणा, तितकी धग जास्त. कारण तो आपल्याभोवतीचा जास्त भाग व्यापतो.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर सुमारे १०० वॉट उष्णता तयार करते. जुन्या काळच्या एका दिव्याइतकी. डोक्यावर ट्रंक घेऊन जिना चढताना ती कितीतरी पटींनी वाढते. एरवी ही उष्णता आपण भोवतालच्या थंड वस्तूंकडे आणि थंड हवेकडे टाकत असतो. पण हवा ४३ अंश आणि छप्पर ६५ अंश असेल, तर या दोन्ही वाटा उलट्या वाहू लागतात. बाहेरची उष्णता आत येते. उरतो फक्त घाम. घामाला पाणी लागते, मीठ लागते, आणि तो सुकायला वाहती हवा लागते. वय वाढले की घामाची यंत्रणा मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाण्याचा साठा आधीच कमी असतो. आमच्या रुग्णाला ती गोळी चालू होती.

काचेचे छप्पर आणि धुराची वाट

आता छपरांच्या गोष्टीकडे वळू. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड आणि काच वापरून क्रिस्टल पॅलेस उभा केला. पॅक्स्टन मूळचे बागकामातले माणूस. रोपांसाठी काचेची घरे बांधता बांधता त्यांना ही विद्या आली. त्यांचे छप्पर सपाट नव्हते. नांगरलेल्या शेतातल्या वरंब्या-सरींसारखी त्यात काचेची चढउतार होती. सरीत जमलेले पावसाचे पाणी पोकळ खांबांमधून खाली उतरे. त्या प्रदर्शनाच्या इमारत समितीवर इझम्बार्ड ब्रुनेल हे रेल्वेचे इंजिनीअर होते. त्यांनी १८५४ मध्ये लंडनच्याच पॅडिंग्टन स्थानकावर लोखंडी कमानींचे छप्पर चढवले आणि त्यात अशीच काच बसवली.

१८६८ मध्ये सेंट पँक्रस स्थानक उघडले. विल्यम बार्लो यांनी बांधलेले तिथले छप्पर मध्ये एकही खांब न घेता सुमारे ७३ मीटर रुंदी ओलांडते आणि फलाटापासून सुमारे ३० मीटर उंच जाते. त्या काळी इतके रुंद एकसंध छप्पर जगात दुसरे नव्हते. एवढी कमान बाजूंना ढकलत असते, म्हणून तिचे दोन पाय एकमेकांना बांधून ठेवावे लागतात. बार्लो यांनी हा बांध हवेत न टांगता फलाटाच्या जमिनीतल्या गर्डरांकडूनच करून घेतला. त्या जमिनीखाली बियरच्या पिंपांचे कोठार होते आणि तिथल्या खांबांमधले अंतर पिंपांच्या मापाने ठरवलेले होते.

इतकी उंची आणि काच केवळ वैभव दाखवण्यासाठी नव्हती. छपराखाली एकाच वेळी अनेक वाफेची इंजिने कोळसा जाळत उभी राहत. धूर आणि वाफ गरम, म्हणून वर जाणार. छप्पर उंच असेल तर धुराचा थर माणसांच्या डोक्यापासून दूर राहतो. पुष्कळ स्थानकांत माथ्यावर आणखी एक लहान छप्पर उचलून बसवलेले असे आणि दोहोंमधल्या फटींतून धूर निसटे. आपल्या जुन्या घरांत चुलीवर छताला धूर जायला वाट ठेवत, तोच हा विचार. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकाची क्लोद मोने यांनी १८७७ मध्ये काढलेली चित्रे पाहिली, की काचेखाली तरंगणारे निळसर ढग दिसतात. चित्रात ते सुंदर वाटतात. दम्याच्या रुग्णाला काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

धुराने या छपरांवर सूडही उगवला. कोळशात गंधक असते. त्याचा धूर आणि ओल एकत्र आली की आम्ल तयार होते आणि ते लोखंड खाते. काच काजळीने काळी पडते आणि उजेड जातो. रंगरंगोटी आणि साफसफाईचा खर्च डोईजड होऊ लागला. अमेरिकेत न्यूयॉर्कसमोर, हडसन नदीच्या दुसऱ्या काठावरच्या होबोकेन स्थानकात लिंकन बुश या इंजिनीअरने वेगळाच उपाय काढला. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या स्थानकाचे छप्पर त्यांनी चांगलेच ठेंगणे केले, पण प्रत्येक रुळाच्या बरोबर वर छपरात लांब चीर ठेवली. इंजिनाचे धुरांडे त्या चिरेखालून जाई आणि धूर थेट आकाशात. ही रचना स्वस्त पडली, म्हणून इतर स्थानकांनीही उचलली.

त्याहून साधा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. मध्ये खांबांची एक रांग आणि दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. छप्पर फलाटाच्या कडेशी संपते आणि रुळांवर आकाश मोकळे राहते. पंख बाहेरच्या बाजूने वर उचललेले असतील तर पाणी मधल्या पन्हळीत येते आणि खांबालगतच्या नळीने खाली जाते. त्यामुळे गाडीत चढणाऱ्याच्या मानेवर पागोळ्या पडत नाहीत. पॅक्स्टन यांच्या पोकळ खांबांचीच ही धाकटी भावंडे.

धूर गेला, पत्रा राहिला

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी आपण थांबतो, ते घुमट पाहायला. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांची ही वास्तू १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा ठरली. पण त्या घुमटाखाली जिना आहे, गाड्या नाहीत. प्रवाशाचा वेळ जातो तो फलाटावरच्या छपराखाली, आणि त्या छपराकडे मान वर करून कोणी पाहत नाही. याच स्थानकातून ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी कुर्ल्याकडे निघाली. पुढे वाफेची इंजिने हळूहळू गेली आणि छपराला धुराची चिंता उरली नाही. मग उंची कशाला आणि हवेची वाट तरी कशाला, असे वाटणे स्वाभाविक होते. पण धुरासाठी ठेवलेल्या त्या वाटेने उष्णताही बाहेर जात होती, हे आपण विसरलो.

लहान स्थानकांना काचेची कमान कधीच परवडणारी नव्हती. तिथे पन्हळी पत्रा आला. लंडनच्या गोदीतले इंजिनीअर हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा वाकतो, पण त्याला घड्या घातल्या की तो ताठ उभा राहतो. घडी घातलेल्या कागदासारखा. पातळ, हलका, स्वस्त आणि वाहून न्यायला सोपा, म्हणून तो जगभर गेला. त्याचा दोष एकच. ऊन त्याच्यातून क्षणात आरपार येते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातून अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे राखाडी पत्रे आले. ते गंजत नाहीत आणि लोखंडापेक्षा कमी तापतात, म्हणून कारखाने, गोदामे, फलाट, सगळीकडे चढले. पण अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच रुततात. फुप्फुस कडक होणे, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग त्यांच्यामुळे होतो. मेसोथेलिओमा व्हायला वीस-तीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारचा अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगकारक ठरवला आहे. धड असलेल्या पत्र्याखाली गाडीची वाट पाहणाऱ्याने घाबरून जायचे कारण नाही. खरा धोका तो पत्रा कापणाऱ्याला, भोक पाडणाऱ्याला आणि फोडून काढणाऱ्याला आहे. असे पत्रे उतरवताना ते ओले करून, न फोडता, योग्य मास्क लावूनच उतरवायला हवेत. आपल्या गोठ्यावरचे आणि गच्चीवरचे पत्रेही याला अपवाद नाहीत.

छप्पर गार कसे होईल?

याला महाग तंत्रज्ञान लागत नाही. पत्र्याला वरून ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर तो पुष्कळ कमी तापतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा शहर आराखडा केला. पुढे छते पांढरी करणे हा त्याचा भाग झाला. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून दुसरे छत लावले आणि मधली जागा दोन्ही टोकांना उघडी ठेवली, तर तापलेली हवा मधूनच निघून जाते आणि वरच्या पत्र्याची धग खाली पोहोचत नाही. माथ्याला फट ठेवली तर उत्तमच. आता अनेक स्थानकांत रुळांवर स्लॅब टाकून वर तिकीटघर आणि दुकाने करतात. अशा बंदिस्त जागेत डिझेलचे इंजिन शिरले तर प्रश्न आणखी वाढतो. डिझेलचा धूर २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरला आहे. म्हणून नवे छप्पर आखताना हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, हा प्रश्न नकाशावरच विचारायला हवा.

तोवर आपण काय करावे? उन्हाळ्यात तापलेल्या, ठेंगण्या पत्र्याखाली तासन्‌तास बसू नका. पक्क्या इमारतीतला प्रतीक्षा कक्ष किंवा पादचारी पुलाखालची हवेशीर जागा बरी. तहान लागण्याआधी पाणी प्या. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर असेल तर कोरडा पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, म्हणून अंग ओले करून मग वारा घ्या. कोणी बरळू लागले, झोकांड्या खाऊ लागले किंवा बेशुद्ध झाले, तर तो उष्माघात समजा. घाम आहे की नाही, याची वाट पाहू नका. गार जागी न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. स्थानकात किंवा गाडीत असाल तर रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

घरी जाताना त्या हमालांनी मला विचारले, ‘‘साहेब, आता कुठं बसू? आमची बसायची जागा तीच.’’ मी स्थानकाबाहेरच्या कडुनिंबाचे नाव घेतले. झाडाचे पान मुळांतून आलेले पाणी हवेत सोडत राहते, म्हणून ते भर उन्हातही पत्र्यासारखे तापत नाही. ते हसले. ‘‘झाड आहे, पण गाडी तिकडं येत नाही ना साहेब.’’

त्यावर माझ्याकडे औषध नव्हते. ते औषध छप्पर बांधणाऱ्यांकडे आहे.